कोरड्या टाकीतला श्वास

मंगळवार, मे महिन्याचा तिसरा आठवडा, दुपारचे अडीच. सोलापूर, होटगी रस्त्याच्या आतल्या बाजूची एक कॉलनी, शिवप्पाचं दुमजली घर. पारा चव्वेचाळीसच्या वर आणि वीज गेलेली. घरात माझ्यासकट पाच माणसं होती.

एवढ्यावर तरी कुणी वाद घालू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. पुढच्यावर खुशाल घाला. मीही घातला असता. उभी हयात बातमीदारीत गेली माझी. अंगात येणाऱ्या बायका, घरावर पडणारे दगड, रात्री रडणाऱ्या विहिरी, या सगळ्यांच्या मागे मी गेलोय आणि दर वेळी मागे एक माणूस सापडलाय. बहुतेक वेळा जमिनीवर डोळा असलेला. त्यांची नावं छापली, धमक्या खाल्ल्या, कोर्टात उभा राहिलो. असल्या गोष्टी सांगत बसणाऱ्यांचा मला राग येतो. आज मीच सांगायला बसलोय, ऐका.

मी तिथं गेलो होतो साध्या कामाला. शिवप्पा माझा कॉलेजातला मित्र. नवी पेठेत त्याचं साड्यांचं दुकान. त्याची मोठी मुलगी चंद्रिका पुण्यात संगणकाच्या कंपनीत होती. पाठीवर सॅक टाकून एकटीनं देश बघायची तिला आवड. एप्रिलच्या शेवटी ती धाकट्या भावाला, बसूला, घेऊन थायलंडच्या एका बेटावर गेली. समुद्रात बुडी मारायला शिकली आणि एक दिवस बुडी मारून वर आलीच नाही.

तीन आठवडे झाले होते. देह मिळाला नव्हता. बुडी शिकवणाऱ्या ज्या दुकानवाल्यानं तिला खाली नेलं, त्यानं चार ओळींचा मेल पाठवला होता: मुलीनं जोखीम पत्करल्याची सही केली आहे, सबब आमची जबाबदारी नाही. माझं डोकं फिरलं. चोवीस तास आधी पोहायचासुद्धा सराव नसलेल्या पोरांना पाठीला हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात सोडायचं, वर हसत फोटो काढायचे, आणि माणूस गेला की सही पुढे करायची! मी त्या धंद्यावर लेख लिहायला घेतला होता. त्यासाठी मला चंद्रिकाचा फोटो हवा होता आणि बसूच्या तोंडून सगळी हकिगत.

शिवप्पानं दार उघडलं. वजन निम्मं झालं होतं त्याचं.

"ये बे," तो म्हणाला. "फोटो नंतर घे. आधी त्या पोराला सांग काहीतरी. तुझं ऐकतो तो."

"काय झालं?"

"एक गेली, दुसरा चाललाय. आल्यापासनं धड खात नाय, पाणी पीत नाय. डॉक्टरनं कालच सलाईन लावलं. म्हणतो, पाणी तोंडाजवळ नेलं की खारट लागतं."

सोप्यात सिद्धाराम स्वामी बसले होते, कपाळभर विभूती लावलेले. घरातली जन्म-मृत्यूची सगळी कार्यं तेच करतात. त्यांनी मला खरी अडचण सांगितली. लिंगायतांच्या घरी मूल जन्मलं की गुरू त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतो. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात. ते ज्याचं त्याचं असतं. आयुष्यभर अंगावर राहतं आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर समाधीत जातं. चंद्रिकाचं इष्टलिंग मात्र समुद्रात गेलं नव्हतं. ते बसूच्या गळ्यात होतं.

"देह नाही, तर नाही," स्वामी म्हणाले. "लिंग समाधीत ठेवू, विधी करू. मुलीला वाट मिळेल, घरालाही. उद्याचा दिवस ठरवलाय. पण हा मुलगा गळ्यातलं काढू देत नाही."

"आणि ओढून काढलं तर?"

"गेल्या आठवड्यात मी हात घातला होता," शिवप्पा खाली बघत म्हणाला. "श्वासच बंद झाला त्याचा. ओठ निळे पडले. सोडल्यावर आला."

भीतीनं होतं असं, मी म्हणालो. मनानं घेतलं की शरीरही घेतं.

बसू मागच्या खोलीत होता. खोलीचं दार मागच्या अंगणात उघडतं, आणि अंगणाखाली घराची पाण्याची टाकी आहे. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या या शहरात असली टाकी घरोघरी असते: फरशीत लोखंडी झाकण, खाली सिमेंटचा खड्डा, उतरायला शिडी. खिडक्या बंद होत्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर चिकटत होतं, आणि त्या खोलीत मला थंडी वाजली. वास येत होता. ओल्या रबराचा, मिठाचा, आणि त्याखाली काहीतरी शिळं. सोलापूरपासून समुद्र किती लांब आहे, हे मला कुणी सांगायला नको.

"काका," बसू म्हणाला. चोविशीतलं पोरगं, पण गाल आत गेलेले. सदऱ्याची वरची बटणं उघडी होती. गळ्यात दोन दोरे होते, एक त्याचा, एक तिचा. तिची डबी लहान होती, लिंबाएवढी. मी ती उचलून पाहिली. गार होती आणि घाम आल्यासारखी ओली. माझ्या बोटांना ती ओल लागली, हे नक्की.

मी वही काढली. म्हणालो, "सुरुवातीपासून सांग."

आणि एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा म्हणे त्याचा चेहरा जरा उजळला.

"लई भारी जागा होती काका. तितं कुणाला घाईच नसते. कुणाच्या पायात चप्पल नाय. सकाळी उठायचं, झोपाळ्यात पडायचं, नारळ फोडून प्यायचा. जेवायचं कधी, तर भूक लागली की. अक्का म्हणायची, बश्या, दुकानात गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत म्हातारा होणार होतास, बघ मी तुला कुठं आणला! तिसऱ्या दिवशी तिचं मुंबईच्या मुलींशी, कुठल्या कुठल्या गोऱ्यांशी मैतर जमलं. मी आपला आमटी शोधत हिंडायचो. मला चिडवायची, समुद्राकाठी बसून शेंगाचटणी खाणारा जगात तू एकटाच असशील."

तो हसला.

"खाली काय असतं माहितीय का काका? आवाज नसतो. फक्त आपलाच श्वास. तोंडात नळी. आत घेतला की खर्र... सोडला की बुडबुडे. बाकी काही नाय. अक्काला तेच आवडायचं. मला जमलं नाय. माझे कान दुखायचे. म्हणून त्या दिवशी मी होडीत बसून राहिलो."

"आणि हे?" मी डबीकडे बोट केलं.

"शिकवणारा म्हणाला, गळ्यात लोंबतं काही नको, अडकतं. तिनं आदल्या दिवसापर्यंत बुडीच्या रबरी सूटच्या आत दडवलेलं. त्या दिवशी त्यानं बघितलं. आता होडीत ठेवायचं कुठं? लोकांच्या पायात? पिशवीत चपलांबरोबर? म्हणून तिनं माझ्या गळ्यात घातलं. म्हणाली, खाली टेकवू नको. आणि कुणी मागितलं तरी देऊ नको, मी वर आले की माझ्या हातात दे. मी व्हय म्हणालो काका. शब्द दिला."

"चूक तिथंच झाली," दारातून स्वामी हळूच म्हणाले. "एकाचं दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाहीत."

मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. पोरगं आधीच मरायला टेकलंय आणि हे चुका काढतायत.

"पुढं?"

"सगळे वर आले. ती नाय. वर येताना मधे थांबावं लागतं, पृष्ठभागाच्या जरा खाली. दोरी धरून. एकदम वर आलं तर रक्तात हवा होते म्हणे. तिच्याबरोबर बुडी मारणाऱ्या जोडीदारानं सांगितलं, तिथपर्यंत ती शेजारीच होती, दोरी धरून. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि..." बसूनं हात पसरले. "ती अजून तितंच थांबलीये काका. वर यायची वाट बघत. मी आलो हिकडं, म्हणून तीपण आली हिकडं."

"कुठं?"

त्यानं अंगणाकडे मान केली.

तेव्हा मला ऐकू आलं. खरं तर आल्यापासून ते चालूच असणार. पंखे, कूलर सगळं बंद, म्हणून कानात शिरलं इतकंच. अंगणातल्या लोखंडी झाकणाखालून, सावकाश... खर्र... मग थोडी शांतता. मग बुडबुडे. पुन्हा खर्र...

"नळातली हवा," मी मोठ्यानं म्हणालो. "पाणी सोडायच्या आधी पाइप असाच वाजतो."

"पाणी उद्या येणारे," निंगव्वा म्हणाली. बसूची आई. ती झाकणाशेजारी तापलेल्या फरशीवर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. मी आत आलो तेव्हा ती कुठं दिसली नव्हती, ती इथं होती. "टाकी परवाच संपली, भावजी. शेंदायला थेंब नाय आत."

मी बाहेर गेलो. पाइपाची चावी शोधली आणि गच्च बंद केली. आवाज थांबला नाही. मग झाकणाच्या कडीत दोन्ही हात घालून ते ओढलं. हात भाजले. झाकण सरकलं त्या क्षणी आवाज तुटला, कुणी श्वास धरून ठेवावा तसा. मी मोबाइलचा उजेड आत टाकला. सिमेंटचा कोरडा खड्डा, तळाला वाळलेला गाळ, एक लाल प्लास्टिकचा मग. बस्स. फक्त तो वास इथं जास्त उग्र होता.

"काही नाही," मी म्हणालो. "या बघा सगळे."

झाकण परत लावलं. मी वळलो. पाठीमागे, अगदी जवळून, खर्र...

"आधी तळातनं यायचा," बसू दारात उभं राहून म्हणाला. त्याला उभं राहणं जमत नव्हतं, चौकट धरली होती. "मग मधनं. रोज जरा वर. आज झाकणाखाली आहे. आज ती येणार."

"हाक का मारत नाय रे ती?" निंगव्वानं विचारलं. किती वेळा विचारलं असेल कुणास ठाऊक. "अव्वा म्हणून एकदा तरी..."

"तोंडात नळी असते अव्वा. बोलता येत नाय."

मला घाम फुटला होता, पण त्याहून जास्त संताप आला होता. कशाचा ते सांगता येत नाही. त्या मेलचा, त्या होडीवाल्याचा, या घराला लागलेल्या वेडाचा. मी बसूचे दोन्ही खांदे धरले.

"ऐक. तुझी अक्का गेली. ज्यांनी तिला घालवलं त्यांना मी सोडत नाही, लिहून घे. पण तू हे गळ्यातलं उतरव आणि आप्पाच्या हातात दे. नाहीतर आप्पाला दोन खड्डे खणावे लागतील. तुला तेच हवंय का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ओघळलं नाही.

"मलापण जगायचंय की काका. पण मी शब्द दिलाय. तिच्याच हातात."

"मग तिला दे की रे!" निंगव्वा एकदम उठली. "किती तिष्ठत ठेवतो तिला? समाधीत टाका म्हणतात हे लोक. लेकरू दाराशी उभं, आणि त्याचं लिंग मातीत घालायचं?"

तिनं झाकण ढकललं. कसं ढकललं त्या बाईनं, देव जाणे. मला दोन्ही हात लागले होते. या वेळी आवाज थांबला नाही. उघड्या तोंडातून तो वर येत राहिला, आणि निंगव्वा वाकून कानडीत लेकीला 'ये, वर ये' म्हणून हाका मारू लागली, "बा मगळे... बा, वर बा..."

"निंगव्वा, मागं हो!" शिवप्पा ओरडला.

तोवर बसू फरशीवर पालथा पडला होता. त्यानं स्वतःच्या हातानं तिचा दोरा डोक्यावरून काढला. श्वास बंद झाला नाही, ओठ निळे पडले नाहीत. अगदी सहज काढला. डबी मुठीत धरून त्यानं हात अंधारात सोडला, खांद्यापर्यंत.

"घे अक्का," तो म्हणाला. "घे... आणि जा."

मी त्याचा सदरा धरला होता. बुडबुड्यांचा आवाज वाढला, उकळी फुटावी तसा, आणि बसूचा खांदा खाली ओढला गेला. तो घसरला असं मला वाटावं म्हणून मी फार प्रयत्न केलाय. तो घसरला नव्हता. माझे पाय फरशीवरून पुढं सरकत होते. शिवप्पानं त्याचे पाय पकडले, स्वामींनी शिवप्पाची कंबर. एका क्षणी आम्ही तिघंही त्या भोकाकडे चाललो होतो. मग ओढ सुटली आणि आम्ही मागं कोसळलो.

शांतता. अंगणात फक्त ऊन.

बसूचा हात कोपरापर्यंत ओला होता. तळवा पांढरा, सुरकुतलेला, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखा. मूठ रिकामी होती. मी शिडीनं खाली उतरलो, स्वतः. तळाचा गाळ पायाखाली कुरकुरला. तो लाल मग उचलून पाहिला, कोपरे पाहिले, गाळ हातानं चाळला. डबी नव्हती. दोरा नव्हता. ओल नव्हती. वासही गेला होता.

वर आलो तर निंगव्वा लेकाला कुशीत घेऊन रडत होती, आणि बसू पाणी पीत होता. तांब्याच्या तांब्याला तोंड लावून, घटाघट.

"गोड आहे," तो म्हणाला. "अव्वा, गोड आहे पाणी."

"घेतलं तिनं," निंगव्वा स्वामींना म्हणाली. "मिळालं तिला."

स्वामींनी हात जोडले. शिवप्पा भिंतीला टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता. आणि मी, काय सांगू, मीही त्या क्षणी मानलं. म्हटलं, असेल. पोरगं वाचलं ना. लेखात हे कुठं लिहायचंय?

तेवढ्यात शिवप्पाचा फोन वाजला. नंबर परदेशातला. त्यानं तो माझ्या हातात दिला, इंग्रजी बोलायला.

पलीकडे एका दवाखान्यातली परिचारिका होती. त्या बेटाचा नव्हे, तिथून बऱ्याच अंतरावरच्या दुसऱ्याच गावचा दवाखाना. ती अडखळत, फार सभ्यपणे बोलत होती. कोळ्यांच्या जाळ्यात एका मुलीचा देह सापडला आहे. ओळख पटायला वेळ लागला, क्षमा करा. अंगातल्या सूटवर बुडीच्या दुकानाचं नाव होतं, त्यावरून आज तुमचा पत्ता लागला.

"कधी सापडला?" मी विचारलं.

"शुक्रवारी."

शुक्रवारी! मी तिच्यावर ओरडलोच. चार दिवस तुम्ही काय करत होता? इथं एक घर... ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "सर, एकच विचारायचं होतं. आम्ही देह शुक्रवारपासून कुलपात ठेवला आहे. तिच्या गळ्यात, सूटच्या आत, दोऱ्यात एक चांदीची डबी आहे. ती तुमच्या धर्माची वस्तू असेल असं वाटलं, म्हणून आम्ही हात लावला नाही. काढायची, की राहू द्यायची?"

मी म्हणालो, आधी फोटो पाठवा. तिनं फोटो पाठवला, तो निंगव्वानं माझ्या हातातून घेतला. गळा आणि छातीचा वरचा भाग, एवढाच. लिंबाएवढी डबी. दोऱ्याला बारशाच्या दिवशी निंगव्वानं स्वतः मारलेली गाठ. तिला ओळखायला क्षणही लागला नाही.

पुढच्या आठवड्यात पेटी आली. ती न उघडता समाधी दिली. चंद्रिकाचं इष्टलिंग तिच्याबरोबरच आत आहे. शिवप्पानं टाकीचं तोंड सिमेंटनं बुजवलं. आता अंगणात निळे पिंप ठेवलेत.

मी त्या दवाखान्याला लिहिलं, तिथल्या पोलिसांना लिहिलं, होडीवाल्यालाही लिहिलं. होडीवाल्यानं एवढंच कळवलं की बुडीच्या आधी मुलीनं ते भावाच्या गळ्यात घालताना सगळ्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यानं देह आणला त्या दिवशीचे फोटो पाठवले. तारीख शुक्रवारचीच आहे, डबी त्यात आहे. मंगळवारी दुपारी माझ्या बोटांना जी ओल लागली, तिच्याबद्दल कुणाकडेच उत्तर नाही.

बसू आता दुकानात बसतो. जेवतो, झोपतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. मी गेलो की साड्यांची घडी घालता घालता थांबतो आणि आवाज खाली आणून दर वेळी तेवढंच विचारतो.

"काका, मग मी दिलं कुणाला?"